स्तंभाकार आणि प्रचिनाकार

कलकत्त्याच्या विस्तीर्ण मैदानाच्या उत्तरेकडील टोकाला अठ्ठेचाळीस मीटर उंचीचा एक मनोरा उभा आहे. इ. स. १८२८ मध्ये तो बांधून पुरा झाला, तेव्हा सर डेव्हिड ऑक्टरलोनी या सेनापतीचे नाव त्याला मिळाले. याच ऑक्टरलोनीने १८०४ साली यशवंतराव होळकरांच्या सैन्यापासून दिल्ली राखली होती. त्यामुळे मराठी माणसाने या मनोऱ्याकडे थोड्या वेगळ्या नजरेने पाहिले, तर त्यात नवल नाही. ऑगस्ट १९६९ मध्ये त्याचे नामांतर होऊन तो शहीद मिनार झाला. त्याचा पायथा मिसरी धाटणीचा, मधला भाग सीरियन आणि माथ्यावरचा घुमट तुर्की, असे त्याचे वर्णन करतात. इंग्रजीत तो 'कॉलम', बंगालीत 'मिनार', आणि मराठीत कोणी मनोरा म्हणेल, कोणी स्तंभ. नाम बदलले तरी वस्तू तीच राहते, म्हणून नामांच्या बाबतीत फारशी अडचण येत नाही. अडचण येते ती विशेषणांच्या बाबतीत. 'स्तंभासारखे' असे म्हटल्यावर स्तंभाचा कोणता गुण घ्यायचा? उंची, ताठपणा, गोलाई, की भार पेलण्याची ताकद? शास्त्राच्या पुस्तकांत हा प्रश्न केवळ व्याकरणाचा राहत नाही. कधी शेतजमिनीचे निदान, तर कधी रोग्याचा जीव त्यावर अवलंबून असतो.

प्रथम शब्दांचे कूळ पाहू. 'स्तंभ' हा शब्द ज्या धातूपासून आला, त्याचा अर्थ आधार देणे, रोखून धरणे, ताठ करणे असा आहे. स्तब्ध आणि स्तंभित ही त्याचीच भावंडे. साहित्यशास्त्रात जे आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत त्यांत पहिला 'स्तंभ' म्हणजे भीतीने किंवा हर्षाने अंग जागच्या जागी ताठरणे. घरातला 'खांब' मात्र सरळ या शब्दापासून आलेला नाही. तो वेदांतील 'स्कंभ' या जुन्या शब्दापासून प्राकृतातील 'खंभ' या रूपाच्या वाटेने मराठीत उतरला. अर्थ दोहोंचा एकच, टेकू. म्हणजे आपल्या भाषेच्या मनात स्तंभाची खूण आकार ही नसून काम ही आहे. वर्तमानपत्राच्या स्तंभाला आणि कचेरीतल्या तक्त्याच्या रकान्याला कशाचाही भार पेलावा लागत नाही. वाचकांचा पेलावा लागत असेल तर गोष्ट निराळी!

युरोपीय भाषांतल्या 'प्रिझम' या शब्दाचे मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ 'करवतलेली वस्तू' असा होतो. ओंडका करवतून सपाट बाजू काढाव्यात, तसा तो आकार. येथे काम कोणते हा प्रश्नच नाही. बाजू सपाट हव्यात, कडा एकमेकींना समांतर हव्यात, आणि दोन्ही टोकांचे छेद सारखे हवेत, एवढीच मागणी. एक शब्द सुताराच्या हत्यारातून जन्मला, तर दुसरा घराच्या आढ्याखाली. हा फरक पुढे फार उपयोगी पडतो.

या दोन कल्पनांची गाठ आपल्याकडे फार पूर्वी पडलेली आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वास्तुविद्येच्या अध्यायात खांबांचे प्रकार त्यांच्या छेदावरून सांगितले आहेत. चौकोनी खांब तो रुचक, आठ बाजूंचा तो वज्र, सोळा बाजूंचा द्विवज्र, मध्यभागी बत्तीस बाजूंचा तो प्रलीनक, आणि गोल तो वृत्त. बाजू दुप्पट-दुप्पट करीत गेले की खांब गोलाकडे झुकतो, ही भूमितीतली गोष्ट त्या नावांच्या क्रमातच आलेली आहे. आजच्या भाषेत बोलायचे तर रुचक आणि वज्र ही नियमित प्रचिने आहेत आणि वृत्त म्हणजे शाळेच्या पुस्तकातली वृत्तचिती. 'चिती' हा शब्दही असाच जुना, यज्ञवेदीसाठी रचलेल्या विटांच्या राशीचा. म्हणून विटेच्या आकाराला आपली मुले 'इष्टिकाचिती' म्हणतात. शब्द उच्चारायला जड आहे खरा, पण त्यातली वीट अजून शाबूत आहे.

'प्रिझम'साठी मराठीत दोन शब्द रूढ झाले, आणि त्यांची कहाणी मजेदार आहे. प्रकाशाच्या प्रयोगात जी त्रिकोणी काच वापरतात तिला मराठीत 'लोलक' म्हणतात. लोलक म्हणजे लोंबते, डुलते ते. वाड्यांतल्या हंड्या-झुंबरांना काचेचे लोलक टांगलेले असत, आणि त्यांतून भिंतीवर सप्तरंगी कवडसे पडत. न्यूटनच्या प्रयोगाचे भाषांतर करणाऱ्यांना झुंबरातला लोलक आठवला हे रसिकतेचे लक्षण आहे. परंतु हिंदीत 'लोलक' म्हणजे घड्याळाचा लंबक! नागपूरकडचा विद्यार्थी हिंदी पुस्तक उघडून लोलक शोधू लागला, तर त्याला रंगांऐवजी आंदोलने सापडतील. शिवाय खनिजशास्त्रज्ञाच्या हाती असलेला लांबट स्फटिक डुलतही नाही आणि लोंबतही नाही. त्याच्यासाठी 'प्रचिन' आणि 'प्रचिनाकार' हे शब्द आले. विश्वकोशातील खनिजांवरच्या नोंदींतून ते वाचकांच्या परिचयाचे आहेत. मुद्रितशोधकाला डुलकी लागली की 'प्रचिनाकार स्फटिक' हे 'प्राचीनाकार' होण्याचा धोका असतो. आणि खनिजे प्राचीन असतातच, त्यामुळे ती चूक चटकन लक्षातही येणार नाही.

परिभाषेच्या या खटाटोपाशी कलकत्त्याचे नाते जुने आहे. विल्यम केरीचे मराठी व्याकरण १८०५ साली आणि मोडी टायपातला मराठी कोश १८१० साली शेजारच्या श्रीरामपूरला छापला गेला, आणि केरी फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवीत असे. पुढे १८७७ साली राजेंद्रलाल मित्र यांनी, युरोपीय शास्त्रीय संज्ञा देशी भाषांत कशा आणाव्या, याची एक योजना लिहून कलकत्त्यात प्रसिद्ध केली. कोणत्या संज्ञांचे भाषांतर करावे आणि कोणत्या जशाच्या तशा उचलाव्या, हा त्यांच्यापुढचा प्रश्न आजही सुटलेला नाही. बंगालीने 'प्रिझम' सरळ उचलला. मराठीने लोलक आणि प्रचिन असे दोन शब्द केले. यात मराठीचे चुकले असे म्हणता येणार नाही. एका शब्दाच्या दोन अर्थांना दोन शब्द मिळाले, तर तो फायदाच आहे. मात्र दोन्ही शब्द योग्य जागी बसवण्याची जबाबदारी त्याबरोबर येते.

चौरंगी रस्त्यावरच्या इंडियन म्यूझियममध्ये हा फरक डोळ्यांनी पाहता येतो. १८१४ साली स्थापन झालेल्या या संग्रहालयाची भूशास्त्राची दालने आणि १८५१ साली टॉमस ओल्डहॅम यांच्या हाताखाली सुरू झालेले भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण यांचा संबंध फार निकटचा. गारगोटी, वैडूर्य, तोरमल्ली यांच्या लांबट स्फटिकांचे शास्त्रज्ञ प्रचिनाकार असे वर्णन करतात. गारगोटीच्या स्फटिकाच्या लगतच्या उभ्या फलकांमधला कोन नेहमी १२० अंशांचा असतो. स्फटिक बोटाएवढा असो की मुसळाएवढा, कोन बदलत नाही. ही गोष्ट स्टेनो या डॅनिश पंडिताने १६६९ सालीच सांगून ठेवली होती. अणूंची मांडणी आतून जशी, तसे फलक बाहेरून. येथे आणखी एक बारकावा आहे. स्फटिकशास्त्रात 'प्रचिन' म्हणजे एका अक्षाला समांतर असलेल्या फलकांचा संच. असा संच आखूड, चपट्या, तबकडीसारख्या स्फटिकातही असू शकतो. त्याच्या अंगी प्रचिन असते, पण तो 'प्रचिनाकार' नसतो. नाम एक सांगते, विशेषण दुसरेच.

आता महाराष्ट्राच्या काळ्या पाषाणाकडे वळू. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल नावाचा सुमारे एकसष्ट मीटर उंचीचा काळ्या बेसाल्टचा कडा आहे. त्याच्या माथ्यावर गावदेवीचे मंदिर आहे आणि भोवती आज दाट वस्ती आहे. जवळ जाऊन पाहिले तर तो कडा उभ्या बहुकोनी खांबांची मोळी बांधावी तसा दिसतो. दख्खनचे हे लाव्हारस सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. कलकत्त्याकडून गंगेच्या काठाने वर गेले की राजमहालच्या टेकड्या लागतात. तेथील लाव्हारस याहून कितीतरी जुने, सुमारे पावणेबारा कोटी वर्षांचे, आणि त्यांतही असे खांब आढळतात. आयर्लंडच्या उत्तर किनाऱ्यावर तर असे चाळीस हजारांच्या आसपास खांब समुद्रात उतरत गेले आहेत.

भूमितीच्या दृष्टीने या प्रत्येक खांबाला प्रचिन म्हणायला हरकत नाही. तरीही भूशास्त्रज्ञ त्यांना स्तंभाकार म्हणतात, आणि तेच योग्य आहे. अठराव्या शतकात काही विद्वानांना हे खांब म्हणजे प्रचंड स्फटिकच वाटले होते. वस्तुस्थिती वेगळी निघाली. लाव्हारस निवताना आकसतो. आकसताना त्याच्या पृष्ठभागावर भेगा पडतात, आणि तीन भेगा एका बिंदूत मिळाल्या की त्या परस्परांशी साधारण १२० अंशांचा कोन करतात. जसजसा खडक खोलवर निवत जातो तसतशा भेगा आत उतरत जातात, आणि त्यांच्यामधला दगड खांबासारखा सुटा होतो. म्हणून बहुतेक खांबांना सहा बाजू असतात, पण पाच आणि सात बाजूंचे खांबही शेजारीच सापडतात. स्फटिकाला अशी मुभा नसते. एका आकाराचे मूळ अणूंच्या शिस्तीत, दुसऱ्याचे तडकण्यात. कोन मात्र दोन्हीकडे १२० अंशांचाच दिसावा, याने जुने पंडित फसले असतील तर त्यांना दोष देता येत नाही. 'स्तंभाकार' या शब्दाने हा गैरसमज टळतो; 'प्रचिनाकार' म्हटले असते तर तो पुन्हा दारातून आत आला असता.

याच दख्खनच्या दगडातल्या पोकळ्यांत झिओलाइट गटाची खनिजे मिळतात. भोरघाटातून लोहमार्ग काढताना जे खडक फोडले गेले, त्यांतून निघालेल्या नमुन्यांनी युरोपातली संग्रहालये सजली. एकाच दगडात मोठा स्तंभ आणि त्याच्या पोटातल्या पोकळीत इवली प्रचिने, असा हा योग आहे.

शेतीच्या शास्त्रात हे दोन शब्द इतके जवळ येतात की अनवधान घातक ठरावे. जमिनीत खड्डा खणून तिची उभी बाजू तपासली, तर मातीचे ढेकूळ कोठे कणीदार, कोठे चपटे, तर कोठे उभे-लांबट दिसते. उभ्या-लांबट ढेकळांचे दोन वर्ग करतात. माथा सपाट व कडा धारदार असतील तर रचना प्रचिनाकार. माथा घुमटासारखा गोल झाला असेल तर स्तंभाकार. फरक एवढाच, माथ्याचा. पण गोल माथा ही सोडियमच्या आधिक्याची ठळक खूण आहे. सोडियममुळे चिकणमातीचे कण विस्कटतात, पाणी खाली मुरत नाही, आणि ढेकळाच्या माथ्याच्या कडा झिजून गोलावतात. अशा सोडियमग्रस्त जमिनीला आपला शेतकरी 'चोपण' म्हणतो. नीरा-प्रवरेच्या कालव्यांखालच्या ज्या गावांनी पाण्याचा अतिरेक भोगला, त्यांना हा शब्द वेगळा समजावून सांगावा लागत नाही. चोपण जमिनीला जिप्सम आणि निचरा लागतो; नुसत्या प्रचिनाकार रचनेच्या जमिनीला त्याची गरज असतेच असे नाही. भाषांतरकाराने दोन्ही शब्दांना 'स्तंभासारखी' असा एकच मुलामा दिला, तर अहवाल वाचणाऱ्या कृषी अधिकाऱ्याच्या हातून निदानच निसटेल. अधिकाऱ्याला दोष देण्यापूर्वी कोशकाराला विचारावे लागेल.

आकाशातही ही जोडी भेटते. भारतीय हवामान विभाग १८७५ साली कलकत्त्यातच सुरू झाला आणि त्याचे पहिले प्रमुख होते हेन्री ब्लॅनफर्ड. त्यांचे बंधू विल्यम भूवैज्ञानिक सर्वेक्षणात होते. दख्खनच्या खडकांचे वर्णन असलेला भारताच्या भूशास्त्राचा जो मोठा ग्रंथ १८७९ साली कलकत्त्यात निघाला, त्याचे ते एक लेखक. एका भावाने जमिनीकडे पाहिले, दुसऱ्याने ढगांकडे. फार उंचावरच्या विरळ ढगांत बर्फाचे जे सूक्ष्म स्फटिक असतात, त्यांतल्या लांबट स्फटिकांना हवामानशास्त्रज्ञ 'स्तंभ' म्हणतात. आकाराने ती षट्कोनी प्रचिने असतात. त्यांचा एकाआड एक फलक घेतला तर त्यांमधला कोन ६० अंशांचा, म्हणजे प्रयोगशाळेतल्या लोलकाइतकाच. त्यातून वाकलेला चंद्रप्रकाश चंद्रापासून सुमारे बावीस अंशांवर एक कडे उभे करतो. त्यालाच आपण चंद्राला खळे पडले म्हणतो. स्तंभ, प्रचिन आणि लोलक हे तिन्ही शब्द एका हिमकणात असे एकत्र येतात, आणि तिन्ही बरोबर असतात. रूपाकडे पाहावे तर स्तंभ, फलक मोजावे तर प्रचिन, आणि प्रकाशाचे वळण मोजावे तर लोलक.

प्रत्ययांचाही येथे विचार केला पाहिजे. स्तंभाकार, स्तंभीय आणि स्तंभाभ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरण्याची आपल्याला सवय आहे. 'आकार' लावला की वस्तूचे रूप तसे आहे असे विधान होते. 'ईय' लावला की संबंध सांगितला जातो. स्तंभीय रचना म्हणजे स्तंभांची बनलेली, प्रत्येक अवयव स्तंभ नसला तरी चालेल. 'आभ' लावला की केवळ भास उरतो, रूप पुरते जुळलेच पाहिजे असा आग्रह नसतो. घन आणि घनाभ यांत जो फरक आहे तोच हा. शालेय पुस्तकात पेशींच्या एका थराला 'स्तंभीय अभिस्तर' म्हणतात, ते या दृष्टीने उचित आहे: थर सपाट पसरलेला असतो, पण तो उंच पेशी शेजारी-शेजारी उभ्या राहून बनलेला असतो.

याच थराने कलकत्त्याला एक मोठा धडा शिकवला. लहान आतड्याच्या आतल्या बाजूस उंच, अरुंद पेशींची एकेरी रांग असते. बाजूने पाहिल्या तर त्या खांबांसारख्या दिसतात. वरून पाहिल्या तर एकमेकींना दाबून बसल्यामुळे बहुधा षट्कोनी दिसतात. आकाराने ती प्रचिनेच, पण शरीरशास्त्राने नाव ठेवले स्तंभावरून. पटकीने मेलेल्या रोग्यांची आतडी तपासली की हा थर गळून गेलेला आढळे. त्यामुळे दीर्घकाळ अनेक वैद्यांची समजूत अशी होती की, पटकीचे जंतू या खांबांना उखडून टाकतात आणि उघड्या पडलेल्या आतड्यातून शरीराचे पाणी वाहून जाते. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यात पटकीचा स्वल्पविरामासारखा जंतू ओळखला, आणि या रोगात एखादे विष काम करीत असावे असा तर्कही केला. पण ते विष पंचाहत्तर वर्षे कोणाच्या हाती लागले नाही.

१९५९ साली कलकत्त्याचे शंभुनाथ डे यांनी ते दाखवून दिले. सशाच्या आतड्याचा एक भाग दोऱ्याने दोन्हीकडून बांधून त्यात त्यांनी जंतू गाळून टाकलेला द्रव सोडला. त्यात एकही जिवंत जंतू नव्हता, तरीही तो भाग पाण्याने टम्म फुगला. आतड्याची खोली उखडत नव्हती, तिच्या भिंती उभ्याच होत्या. त्या भिंतींनाच विषाने पाणी बाहेर सोडण्यास लावले होते. पुढच्याच वर्षी जिवंत रोग्यांच्या आतड्यातून काढलेल्या लहान तुकड्यांच्या तपासणीत स्तंभीय पेशींचा थर अबाधित दिसला. मृतदेहात तो गळालेला दिसे, तो मृत्यूनंतर. रोगाने खांब पाडले नव्हते. एवढे सिद्ध झाल्यावर प्रश्नाचे रूपच पालटले. खांब उभे असतील तर त्यांच्याकडून काही काम करून घेता येईल का?

घेता येते, असे पुढच्या काही वर्षांत कळले. या पेशींच्या माथ्यावर ग्लुकोज आणि सोडियम यांना जोडीने आत घेणारी एक वाट असते आणि पटकीच्या विषाने ती बंद होत नाही. मिठाबरोबर साखर दिली की ती आत शिरते आणि तिच्यामागून पाणीही. १९७१ साली पूर्व बंगालमधून लाखो निर्वासित सीमा ओलांडून आले. बनगावच्या छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून देण्याचे पाणी संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ठरवले की रोग्यांना तोंडानेच पाणी पाजायचे. एक लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा, असे मिश्रण कलकत्त्यात तयार होऊन पुड्यांतून बनगावला जाई. ते मोठ्या पिंपांत कालवले जाई आणि रोग्यांचे नातेवाईक ते पेल्यांनी पाजत. अशा रोगात पूर्वी शंभरांतली तीस माणसेही दगावत. त्या छावणीत हे प्रमाण शेकडा ३.६ वर आले. १९७३ साली महालनबीस यांनी हा अनुभव लिहून प्रसिद्ध केला. २०२२ साली ते निवर्तले आणि पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. आज गावोगावच्या दुकानांत मिळणारी क्षार-संजीवनीची पुडी त्या बनगावच्या पुडीचीच वारस आहे.